दहा मार्कांचा हिरवा

डॉकयार्ड रोडचं रात्रकॉलेज, खोली नंबर नऊ.
बारा वर्षं मी इथे एकच अमेरिकन कादंबरी शिकवली.
बाक दिवसाच्या शाळेतल्या पोरांचे,
मोठ्या माणसांचे गुडघे फळीला लागतात.
फळ्यावर डावीकडे रंग, उजवीकडे अर्थ,
मध्ये बरोबरची चिन्हं, एकाखाली एक:
पांढरं कुंपण बरोबर निष्पापपणा.
लाल कोठार बरोबर वासना
(इथे मागचा बाक दरवर्षी खोकतो).
धुळीचं गाव बरोबर नीतीचा ऱ्हास.
नदीपल्याडचं हिरवं दार बरोबर आशा.
दहा मार्क. हमखास येतो.

इब्राहिम धनसे उशिरा यायचा, गोदीतून थेट.
टर्पेंटाइननं हात धुतलेले, तरी नखांत लाल.
एकदा म्हणाला, मॅडम, हे पांढरं कुंपण,
ह्याला खाली प्रायमर कुठला?

वर्ग हसला. मीही.

तो नाही हसला.
पांढरा कधी पहिला लागत नाही, म्हणाला.
आधी खरवडायचं, मग राखाडी, मग वरून पांढरा, दोन हात.
गंज सगळ्यात आधी पांढऱ्यावर फुटतो.
पांढरा तोच लावून घेतो
ज्याच्याकडे रोज पुसायला माणसं आहेत.
ते कुंपण रंगवलं कुणी, लिहिलंय का?

लिहिलं होतं.
एक्केचाळिसाव्या पानावर, अर्ध्या ओळीत,
शिडीवर एक माणूस.
विधवेला नाव आहे, नायकाला आहे,
नायकाच्या घोडीलासुद्धा आहे.
त्याला नाही.
तो कशाचं प्रतीक, मॅडम?
मी म्हटलं, तो परीक्षेला नाही.

मग प्रिलिम.
पेपर मीच तपासले, मे महिन्यातल्या उकाड्यात,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर वरवंटा ठेवून.
त्याचं अक्षर मोठं, सांडलेलं:
"लाल म्हणजे वासना नाही.
लाल जहाजाच्या पोटाला लावतात, पाण्याखाली.
त्यात विष असतं, कालवं चिकटू नयेत म्हणून.
माल उतरला की जहाज वर येतं आणि लाल दिसतो.
लाल म्हणजे रिकामं.
त्या कोठारात दाणा नव्हता, हे लेखकाला ठाऊक असणार.

रात्री समुद्रात नुसता हिरवा दिवा दिसला
तर समोरच्याची उजवी बाजू आपल्याकडे आहे.
तो त्याच्या वाटेनं चाललाय.
नायकाला दार हिरवं दिसतं ते म्हणून.
दार त्याच्याकडे बघतच नाहीये.
हिरवा आणि लाल एकदम दिसले
तर मात्र तो सरळ आपल्या अंगावर येतोय.
तेव्हा आशा वगैरे नाही. सुकाणू."

मी समासात लिहिलं: मुद्द्याला धरून नाही.
दहापैकी तीन.
लाल पेनानं, अर्थात.

पुढच्या टर्मला तो आला नाही.
कुणी म्हणालं शारजा, कुणी म्हणालं नुसता माझगाव,
पण ओव्हरटाइम.

परवा बहिणीकडून परतताना
मोरा बंदरावरून शेवटची लाँच घेतली.
तिघंच होतो, आणि एक बांधलेली कोंबडी.
भाऊच्या धक्क्याचे दिवे अजून लांब,
मधल्या काळोखात एक हिरवा उगवला.
जिभेवर शब्द आलाच, बारा वर्षांच्या सवयीनं.
म्हटलं तेवढ्यात शेजारी लाल.
दोन्ही. एका उंचीवर. जागचे हलत नव्हते.

तांडेलाला सांगायला उठले, तर त्यानं
तंबाखू ह्या गालातून त्या गालात घेतली
आणि चाक उजवीकडे ओढलं, न बोलता.
आधी हिरवा मिटला.
मग नुसता लाल, सरकत, सरकत,
आणि त्याच्या मागून जहाज, भिंतीसारखं,
बंदराच्या पिवळ्या उजेडात पोट पाण्याबाहेर काढून.
लाल, कितीतरी लाल.
रिकामं होतं.